'सेमी-सबसिस्टन्स फार्म'ला मराठीत काय म्हणाल?

झुळूक: पोलंड १ मे २००४ ला युरोपियन युनियनमध्ये गेला, तेव्हा तिथल्या शेतीची काय ओढाताण झाली यावरचा लेख मराठीत करतेय. 'सेमी-सबसिस्टन्स फार्म'पाशी गाडं अडलंय. पिकेल ते मुख्यतः घरी खायचं, थोडं विकायचं, अशी शेतं. त्यांना वर्षाला १२५० युरो मिळायचे, पण पुढे शेती स्वतःच्या पायावर कशी उभी राहील याचा आराखडा द्यावा लागे. मी 'अर्धनिर्वाह शेती' लिहिलं, तर संपादक म्हणाले, अर्धपोटी वाटतं.

शुद्धमती: भूगोलात 'उदरनिर्वाह शेती' आहेच की. 'अंशतः उदरनिर्वाह शेती' करा.

आडगाव: अहो, हे वाचून शेतकरी बांधावरूनच पळेल! आमच्याकडे 'खाण्यापुरतं पिकतं' म्हणतात. आजोबांची चार एकर. कणगी भरली की उरलेली ज्वारी गाडीत घालून बाजारला. ती 'वरकड'. त्यावरून काहीतरी करा.

तिरफळ: वरकस म्हणायचंय का? डोंगरउतारावरची नाचणी-वरीची जमीन. कुळकायद्यातही आहे.

आडगाव: वरकस जमीन झाली. वरकड म्हणजे जास्तीचं. 'वरकड खर्च' कधी ऐकलं नाहीत?

तिरफळ: दोन्हीत 'वर' आहेच ना! वरच्या अंगाची जमीन, वर उरलेली रास. (व्युत्पत्ती माझीच, पुरावा मागू नये.)

दहीभात: खरा पेच पैशाचा होता. 'डायरेक्ट पेमेंट'ला, म्हणजे युनियन शेतकऱ्याला थेट देते त्या पैशाला, काय लिहिलंय? जुन्या सदस्य देशांच्या दराच्या २५ टक्क्यांपासून सुरुवात, १०० टक्के व्हायला २०१३ उजाडलं. मधल्या काळात पोलंडला स्वतःच्या तिजोरीतून थोडी भर घालायची मुभा होती, एवढंच. बाजार मात्र पहिल्या दिवसापासून सगळ्यांना एकच.

झुळूक: 'थेट अनुदान'.

शुद्धमती: अनुदान शाळेला मिळतं. इथे 'अर्थसाहाय्य' हवं.

आडगाव: बँकेत जाऊन 'कांद्याचं अर्थसाहाय्य जमा झालं का' विचारून बघा. कॅशियर चष्मा काढून बघेल.

दहीभात: आणि दुधाचा कोटा? ठरल्यापेक्षा जास्त दूध घातलं की दंड, तो.

शुद्धमती: दुग्धनियतांश.

दहीभात: तो कोटा २०१५ साली उठलासुद्धा. तुमचा शब्द डेअरीत पोचेपर्यंत दूध नासायचं.

शुद्धमती: चेष्टा करा. रेशनच्या कागदांत नियतांश सर्रास असतो.

झुळूक: मंडळी, लेख उद्या द्यायचाय. तूर्त 'खाण्यापुरती शेती' टाकते. पण थोडं विकतात, ते त्यात कुठे येतं?

तिरफळ: आत्ताच आईला विचारलं. ती म्हणते, आमच्यात वरकड म्हणजे न सांगता जेवायला आलेली माणसं.