प्रतिसाद: कापडी इलेक्ट्रोडचा ईसीजी सुरुवातीला खराब का येतो?
शर्टात शिवलेल्या कापडी इलेक्ट्रोडने (त्वचेवरून हृदयाचे विद्युत संकेत टिपणाऱ्या पट्ट्यांनी) घेतलेला ईसीजी आधी थरथरतो आणि दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप सुधारतो, अशी एकाची तक्रार आहे. त्यासाठी सर्किट बदलू नका. चांदीचा मुलामा असलेल्या नायलॉनच्या पट्टीला जेल नसते, त्यामुळे घाम सुटेपर्यंत त्वचेशी संपर्काचा विद्युत रोध जास्त राहतो. पुण्याच्या मार्चमधल्या कोरड्या हवेत तर फारच. घालण्यापूर्वी पट्टी पाण्याने ओली करा, मागे ३-५ मिमी फोम द्या, पट्टा छातीखाली घट्ट बसवा. पट्टी त्वचेवर घसरली की बेसलाइन, म्हणजे आलेखाची मूळ रेषा, डोलणारच, आणि तो दोष फिल्टरने पूर्ण जात नाही. घरातल्या विजेचा ५० हर्ट्झचा गोंगाट उरलाच तर एडी८२३२ या ईसीजी चिपची तिसरी, म्हणजे उजव्या पायाच्या नावाची, पट्टी नीट टेकते का ते बघा. तार थेट कापडाला सोल्डर करू नका, नायलॉन वितळते; कापडाला टिचबटण ठोकून तार त्याला जोडा. धुताना ब्लीच आणि सॉफ्टनर टाळा.