मदत हवी आहे: रुपयाच्या मॉडेलमध्ये रिझर्व्ह बँकेचा हस्तक्षेप कसा धरावा?

नमस्कार मंडळी,

एम.ए.च्या प्रबंधासाठी रुपया-डॉलर दराच्या चढउतारांचं मॉडेल करते आहे. रोजच्या दरांवर गार्च (चढउतारांची तीव्रता काळानुसार बदलते असं धरणारं मॉडेल) नीट बसलं. अडलंय ते हस्तक्षेपापाशी.

रिझर्व्ह बँकेच्या डॉलर खरेदी-विक्रीचे आकडे बुलेटिनमध्ये येतात, पण अख्ख्या महिन्याचे एकत्र आणि उशिरा. ते घेऊन साधं रिग्रेशन (दोन गोष्टींमधला संबंध आकड्यांत मोजणं) केलं, तर बँकेने डॉलर विकले त्याच महिन्यात रुपया घसरलेला दिसतो. रुपया घसरू लागतो म्हणूनच बँक डॉलर विकते, हे कळतंय. डॉक्टर घरी आले म्हणून ताप चढला, असं म्हणण्यासारखं आहे ते. पण कारण आणि परिणाम वेगळे काढायचे कसे? इन्स्ट्रुमेंट (हस्तक्षेपाशी जोडलेला, पण दरावर थेट परिणाम न करणारा घटक) म्हणून आदल्या महिन्याचा परकीय चलनसाठा चालेल का? मला तो कच्चा वाटतो, कारण साठा बघून बाजारही आपले अंदाज बदलतो.

शिवाय बँक फॉरवर्ड बाजारातही (पुढच्या तारखेच्या सौद्यांत) उतरते. नुसते स्पॉटचे (तात्काळ सौद्यांचे) आकडे घेतले तर निम्मं चित्रच हरवेल, असं माझं मत आहे.

दुसरा प्रश्न 2013 चा. 28 ऑगस्टला डॉलर 68 रुपयांच्या पुढे गेला आणि त्याच दिवशी तेल कंपन्यांना थेट डॉलर पुरवणारी स्वॅप सुविधा (आज डॉलर द्यायचे, ठरल्या तारखेला परत घ्यायचे) जाहीर झाली. इथे डमी (त्या काळापुरता 1, एरवी 0 असा घटक) पुरेल, की मार्कोव्ह स्विचिंग (बाजार शांत आणि अस्थिर अशा अवस्थांमध्ये बदलतो असं धरणारं मॉडेल) लावू?

रोजचे दर आणि मासिक हस्तक्षेप एकाच मॉडेलमध्ये कुणी बसवले असतील, तर कृपया पद्धत सविस्तर सांगा. मी आर (संख्याशास्त्रासाठीची संगणकभाषा) वापरते.