नवी बॅटरी असूनही गाडी ‘टक्’ करून थांबते: टर्मिनल साफ करावे की क्लॅम्प बदलावा?

प्रश्न

माझ्या पेट्रोल मोटारीची बॅटरी अलीकडेच बदलली आहे. तरीही किल्ली फिरवल्यावर अधूनमधून एकच ‘टक्’ असा आवाज येतो, डॅशबोर्डवरचे सगळे दिवे विझतात आणि इंजिन जागचे हलत नाही. बॉनेट उघडून निगेटिव्ह टर्मिनलचा क्लॅम्प (केबलच्या टोकाची पकड) हाताने थोडा इकडेतिकडे केला, की पुढच्या सेल्फला गाडी काही झालेच नव्हते अशा थाटात सुरू होते. घड्याळाची वेळही मधूनच शून्यावर गेलेली आढळते.

निगेटिव्ह क्लॅम्पचा नट पूर्ण आवळलेला आहे. १० नंबरचा पाना आणखी जराही फिरत नाही, पण क्लॅम्प मात्र पोलवर, म्हणजे बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर, हाताने फिरतो. पॉझिटिव्ह बाजूचा क्लॅम्प घट्ट आहे, परंतु त्यावर मोरचुदाच्या रंगाचा थर साचला असून त्याखाली पांढरी भुकटी दिसते. एका गॅरेजमध्ये निगेटिव्ह क्लॅम्पच्या फटीत पत्र्याची पट्टी ठोकून दिली होती. त्याने काही दिवस भागले, मग पहिले पाढे पंचावन्न. गाडी उभी असताना बॅटरीवर मल्टिमीटर १२.६ व्होल्ट दाखवतो, म्हणजे बॅटरी भरलेली असावी असे मी समजतो.

केवळ साफसफाईने हे निभावेल, की क्लॅम्प किंवा संपूर्ण केबलच बदलावी लागेल? आणि दोष खरोखर टर्मिनलचाच आहे, हे खर्च करण्यापूर्वी खात्रीने कसे ठरवावे?

उत्तर १

प्रथम सुरक्षिततेविषयी, कारण घाईत नेमके तेच राहून जाते. काढताना निगेटिव्ह केबल आधी आणि पॉझिटिव्ह नंतर. जोडताना पॉझिटिव्ह आधी आणि निगेटिव्ह सर्वांत शेवटी. गाडीचा सगळा सांगाडा निगेटिव्हला जोडलेला असल्यामुळे, निगेटिव्ह जोडलेले असताना पॉझिटिव्हच्या नटावरचा पाना बॉडीला टेकला, तर शेकडो अँपिअरचा प्रवाह त्या पान्यातून वाहतो. बॅटरीजवळ हायड्रोजन वायू साचलेला असू शकतो, त्यामुळे अशी ठिणगी तेथे नकोच. हातातली अंगठी आणि धातूच्या पट्ट्याचे घड्याळ काढून ठेवा, चष्मा व रबरी हातमोजे घाला. इंजिन चालू असताना ‘बघू तरी’ म्हणून टर्मिनल काढू नका. अल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचा) विद्युतदाब एकदम उसळतो आणि इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतात.

बाकी, हाताने फिरणारा क्लॅम्प हा निदानासाठी पुरेसा पुरावा आहे, असे माझे मत आहे.

उत्तर २

निदान बहुधा बरोबर आहे, परंतु प्रश्नकर्त्याने खात्रीची पद्धत विचारली आहे आणि ती सोपी आहे, म्हणून ती आधी सांगतो.

१२.६ व्होल्ट हे माप बॅटरी भरलेली असल्याचे सांगते. जोडाबद्दल ते काहीच सांगत नाही, कारण ते घेताना जोडातून प्रवाह जवळजवळ वाहतच नसतो. जोडातील ०.०१ ओहम रोधाचा विचार करा. ५ वॉटचा एक लहान दिवा अर्ध्या अँपिअरहूनही कमी प्रवाह घेतो. तेवढ्या प्रवाहाला हा रोध जाणवतही नाही आणि दिवा लख्ख लागतो. स्टार्टरने १५० अँपिअर मागितले, की त्याच जोडावर दीड व्होल्ट खर्च होतो आणि स्टार्टरच्या वाट्याला तेवढे कमी उरतात. रोध आणखी थोडा वाढला किंवा जोड क्षणभर सुटला, की स्टार्टरचे सोलेनॉइड (त्याला प्रवाह जोडून देणारा विद्युतचुंबकी स्विच) ‘टक्’ करते आणि सगळे दिवे जातात. ‘दिवे तर छान लागत होते’ हा युक्तिवाद म्हणूनच निरुपयोगी आहे. मल्टिमीटर ओहमवर ठेवून हा रोध मोजण्याचाही उपयोग नाही. इतके लहान माप साध्या मीटरच्या आवाक्याबाहेरचे असते.

त्याऐवजी मीटर डी.सी. व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या शिशाच्या पोलच्या मधोमध दाबा आणि दुसरे त्याच पोलवरच्या क्लॅम्पच्या धातूवर. दोन्ही टोके एकाच बाजूला आहेत, हे लक्षात असू द्या. आता दुसऱ्या कोणाला दोन-तीन सेकंद सेल्फ मारायला सांगा. जोड निरोगी असेल, तर माप शून्याच्या आसपास राहते, ०.१ व्होल्टपर्यंत चालवून घेता येते, त्यापुढे जोड दोषी समजावा. हीच चाचणी पॉझिटिव्हवर करा. त्यानंतर मीटरचे एक टोक निगेटिव्ह पोलवर आणि दुसरे इंजिनच्या रंग नसलेल्या धातूवर धरून पुन्हा मोजा. येथे ०.२ व्होल्टच्या आसपास माप उत्तम, आणि पोलवरचा जोड निरोगी असूनही अर्ध्या व्होल्टहून अधिक म्हणजे बॉडीकडचा अर्थिंगचा जोड किंवा केबलच बिघडलेली. ही तीन मापे हाती आली, की काय बदलायचे याबद्दल वाद उरत नाही.

आता तुमच्या क्लॅम्पविषयी. नट पूर्ण आवळूनही क्लॅम्प फिरतो, याचा अर्थ त्याचे दोन्ही ओठ एकमेकांना टेकले आहेत आणि बोल्टचा सगळा जोर पोलऐवजी त्या ओठांवरच पडतो आहे. वाकून फटीकडे पाहा. तेथे कागदही जाणार नाही. पुढे कितीही आवळले तरी बोल्टचे आटे जातील, पकड येणार नाही. असे होण्याची कारणे दोन: वर्षानुवर्षे आवळून क्लॅम्प ताणला गेला असेल, किंवा नव्या बॅटरीचे पोल जुन्यापेक्षा बारीक असतील. नेहमीच्या जाड पोलचा वरचा व्यास पॉझिटिव्हला सुमारे १७.५ मिलिमीटर आणि निगेटिव्हला सुमारे १५.९ मिलिमीटर असतो. जपानी मापाच्या बारीक पोलमध्ये हेच आकडे सुमारे १४.७ आणि १३ इतके असतात. जवळजवळ ३ मिलिमीटरचा हा फरक पाना भरून काढू शकत नाही. बॅटरी बदलल्यानंतर तक्रार सुरू झाली असेल, तर हे मोजूनच पुढे जा.

साफसफाईबद्दल थोडे विस्ताराने. डोळ्यांत भरणारी निळी-पांढरी भुकटी म्हणजे गंधकाम्लाच्या अंशाने तांबे आणि शिसे यांच्यावर झालेली प्रक्रिया: निळे ते मोरचूद, पांढरे ते बहुतांशी लेड सल्फेट. ती अवश्य काढावी, कारण ती केबल पोखरत जाते. मात्र प्रवाह अडतो तो मुख्यतः पोल आणि क्लॅम्प यांच्या मधल्या, बाहेरून न दिसणाऱ्या मळकट काळसर पापुद्र्यापाशी. बाहेरून खाण्याच्या सोड्याचे पाणी ओतून ‘साफ केले’ म्हणणाऱ्यांची गाडी दुसऱ्या दिवशी पुन्हा अडते ती यामुळेच. क्लॅम्प पूर्ण उतरवा. तो निघत नसेल, तर स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नका आणि हातोडीने ठोकू नका, कारण पोलच्या मुळाशी असलेले सील तडकते आणि मग ॲसिड कायमचे झिरपत राहते. फट किंचित फाकवून क्लॅम्प वळवत वर घ्या, किंवा टर्मिनल ओढण्याची खास पकड वापरा.

पेलाभर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवून ते जुन्या टूथब्रशने लावा. फेस येणे थांबेपर्यंत लावत राहा आणि शेवटी साध्या पाण्याने धुऊन कोरडे पुसा. बॅटरीला पाणी घालण्याची झाकणे असतील, तर ती घट्ट बंद आहेत हे आधी तपासा. सोडा आत गेला तर आतील ॲसिड निकामी होते. त्यानंतर तारेच्या ब्रशने किंवा पॉलिश पेपरने पोलचा बाहेरचा आणि क्लॅम्पचा आतला पृष्ठभाग शिसे चमकेपर्यंत घासा, चमकले की थांबा. उगाच घासत बसल्यास पोल बारीक होत जातो. शिशाची धूळ विषारी असल्याने काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. शीतपेय ओतण्याचा उपायही अनेकजण सुचवतात. त्यातील सौम्य आम्लाने काही मळ सुटतो हे खरे. पण आम्लाने झालेली घाण आम्लानेच धुऊन वर साखरेचा चिकटा ठेवण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही.

जोडताना क्लॅम्प पोलवर पूर्ण खाली बसवा, इतका की पोलचा माथा क्लॅम्पच्या बरोबरीला किंवा किंचित वर दिसेल. पोल निमुळता असतो. क्लॅम्प अर्धवट वर राहिला तर पकड चुकते. मग नट साधारण ५ ते ६ न्यूटन-मीटर, म्हणजे छोट्या पान्याने मनगटाच्या जोराने आवळा. शिसे मऊ असते, त्याच्यावर सगळी ताकद लावायची नसते.

प्रश्नकर्त्याचा खुलासा

सूचनेप्रमाणे मापे घेतली. सेल्फ मारताना निगेटिव्ह पोल आणि क्लॅम्प यांच्यामध्ये ०.९ व्होल्ट आले, पॉझिटिव्हवर ०.२. क्लॅम्पचे ओठ खरोखरच एकमेकांना चिकटलेले आहेत. जुन्या बॅटरीचे पोल आता पाहता येत नाहीत. नव्या बॅटरीचा निगेटिव्ह पोल मात्र वर मोजला असता १३ मिलिमीटरच्या जवळपास भरतो.

पॉझिटिव्ह केबलचे वरचे आवरण क्लॅम्पपासून बोटभर अंतरापर्यंत फुगले असून तेथे केबल कडक लागते. हे गंभीर समजावे काय? आणि बारीक पोलसाठी नवा क्लॅम्प घ्यावा, की पोलवर चढवून तो जाड करणारी शिशाची टोपी मिळते ती बसवावी?

उत्तर ३

क्लॅम्प केबलला कारखान्यात दाबून बसवलेला असेल, तर तो कापून त्याजागी दोन स्क्रूंनी केबल धरणारा सुटा क्लॅम्प लावण्यास माझा विरोध आहे. त्यामुळे एका वाईट जोडाच्या जागी दोन कच्चे जोड येतात, आणि उघडी पडलेली तांब्याची तार ओलावा शोषून घेते. रस्त्यात अडकल्यावर तो उपाय ठीक, कायमचा नाही. निगेटिव्ह बाजूला तुमच्या पोलच्या मापाची शिशाची निमुळती टोपी बसवा. ती आतून-बाहेरून स्वच्छ असावी आणि पोलवर पूर्ण खाली बसावी. पत्र्याची पट्टी आजच काढून टाका: पत्रा पोलला दोन-तीन ठिकाणीच टेकतो, ॲसिडच्या वाफेने गंजतो आणि शिशाला चरे पाडतो. पुढच्या वेळी बॅटरी घेताना मात्र जाड पोलची मागून घ्या, म्हणजे टोपीही लागणार नाही.

पॉझिटिव्ह केबल गंभीरच समजा. आवरण फुगते, तेव्हा आतल्या तारांवर हिरवा क्षार चढलेला असतो आणि तो केशाकर्षणाने आत सरकत जातो. आवरण थोडे कापून पाहा. पुढे लगेच चकचकीत तांबे लागले आणि केबलला पुरेशी लांबी असली, तर तेवढा भाग कापून नवे टोक योग्य यंत्राने दाबून घेता येईल. तांबे काळे-हिरवेच लागत गेले, तर केबल बदला. तुमच्या क्लॅम्पवर फ्यूजची पेटी बसवलेली असेल, तर ती ओढून वाकवू नका, तिचे प्लॅस्टिक लगेच तडकते. काही गाड्यांमध्ये निगेटिव्ह क्लॅम्पवर प्रवाह मोजणारा सेन्सरही असतो; तेथे तर अजिबात जोर लावू नये.

पेट्रोलियम जेलीविषयी येथे कोणी लिहिलेले नाही. ती घासलेल्या पृष्ठभागांच्या मध्ये भरण्याची गरज नसते. नट आवळून झाल्यावर सगळ्या जोडावर बाहेरून पातळ थर द्यावा, म्हणजे हवा आणि ॲसिडची वाफ अडते. बॅटरी तिच्या बैठकीत घट्ट बसली आहे ना, हेही पाहून घ्या; बैठकीची पट्टी सैल असली, की गाडी चालताना बॅटरीचे हेलकावे केबल आणि क्लॅम्प यांनाच सोसावे लागतात.

उत्तर २ (पुरवणी)

टोपीबद्दल सहमत. दोन गोष्टी जोडतो. केबल सोडल्यामुळे घड्याळ आणि रेडिओच्या नोंदी जातील, काही गाड्यांत रेडिओचा सांकेतिक क्रमांक पुन्हा द्यावा लागतो, आणि सुरुवातीला इंजिनची संथ गती थोडी वरखाली होऊ शकते. ते आपोआप स्थिरावते.

दुसरे म्हणजे, नव्या बॅटरीच्या पॉझिटिव्हवर इतक्या लवकर निळा थर का आला, हे शोधायला हवे. जुन्या क्लॅम्पवरचा मळ तसाच राहिला असेल, तर प्रश्न तेथेच संपला. तसे नसेल, तर सगळे जोड नीट झाल्यावर इंजिन चालू ठेवून बॅटरीच्या दोन पोलवर विद्युतदाब मोजा. साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट योग्य. माप सतत १५ च्या वर राहत असेल, तर अल्टरनेटरचा दाब मर्यादेत ठेवणारा रेग्युलेटर बिघडला आहे आणि बॅटरी अति चार्ज होऊन वाफ सोडते आहे. अशा वेळी टर्मिनल कितीही घासले तरी थर परत येणार. माप योग्य असूनही थोड्याच दिवसांत पॉझिटिव्ह पोलच्या मुळाशी ओल दिसू लागली, तर सील गळते आहे असे समजा आणि वॉरंटीची मुदत संपण्यापूर्वी बॅटरी बदलून मागा. पत्र्याची पट्टी ठोकताना हातोडी चालली असल्यास निगेटिव्ह पोलचे मूळही त्याच वेळी तपासून घ्या.