मदत हवी आहे : बोटीवर रोज किती वीज लागते ते कसं काढायचं? रात्री तीनला बॅटरी बसते

बॅकवॉटर_नवापूर
उकाईच्या बॅकवॉटरला पिंजऱ्यात मासे सोडले आहेत. राखणीला आठवड्याचे पाच दिवस बोटीवरच मुक्काम असतो. १२ व्होल्टची, १५० अँपिअर-तासाची बॅटरी आहे, सोलर आहे, इन्व्हर्टर आहे. तरी रात्री तीनला इन्व्हर्टर टीं-टीं करून बंद पडतो. दुकानदार म्हणतो दुसरी बॅटरी घ्या. घेऊ का? रोजचा खप काढायचा काही फॉर्म्युला असेल तर सांगा. लवकर सांगा, शनिवारी नंदुरबारला चक्कर आहे.

वायरमन_शहादा
सोलर किती वॅटचं? बॅटरी ट्यूब्युलर (इन्व्हर्टरला लावतात ती ॲसिडची) की गाडीची? किती जुनी? चालवता काय काय? एवढं तरी लिहा भो, नुसतं 'सोलर आहे' म्हणून काय हिशोब लावायचा.

केळी_रावेर
मी मळ्यात दीड केव्हीएचं जनरेटर ठेवलंय. दोरी ओढली की काम झालं. सोलरच्या नादी लागू नका.

बॅकवॉटर_नवापूर
जनरेटरच्या आवाजात चोर आला तर ऐकू कसा येणार? राखणीलाच बसलोय मी.
पॅनल १६५ वॅट, बॅटरी ट्यूब्युलर, दोन वर्षांची. लोड काहीच नाही हो. एक टेबल फॅन, दोन बल्ब, दोन मोबाईल. बस.

शेवभाजी_जळगाव
महावितरणच्या १९१२ ला फोन करून तक्रार नोंदवा. नंबर घ्यायला विसरू नका.

वायरमन_शहादा
शेवभाजी भाऊ, माणूस पाण्यात आहे. मीटरच नाही तर तक्रार कशाची नोंदवणार?

नवापूरकर, फॉर्म्युला काही नाही. वस्तूचे वॅट गुणिले तास. टेबल फॅन ५० वॅट, नऊ तास, म्हणजे ४५० वॅट-तास. नऊ वॅटचे दोन बल्ब पाच तास, ९०. मोबाईलचे दोन्ही मिळून ३० धरा. झाले ५७०. एक हजार झाले की घरच्या बिलातलं एक युनिट.
बॅटरीचं गणित : १५० अँपिअर-तास गुणिले १२ व्होल्ट म्हणजे १८०० वॅट-तास, पण ट्यूब्युलर रोज अर्ध्याखाली नेली की तिचं आयुष्य घटतं. म्हणून ९०० च धरा. ५७० ला तीनच्या ठोक्याला बसायला नको. काहीतरी लिहायचं राहिलंय तुमचं.

लिथियम_धुळे
अर्धीच वापरायची तर घ्यायची कशाला? लिथियम फॉस्फेट घ्या, ८०-९० टक्के बिनधास्त वापरा. वजनही निम्म्याहून कमी. शिवाय बोट हलली की ट्यूब्युलरमधलं ॲसिड झाकणातून बाहेर येतं.

वायरमन_शहादा
आणि जुन्या चार्ज कंट्रोलरवर (पॅनल आणि बॅटरीच्या मधला, चार्जिंग सांभाळणारा डबा) लिथियम लावून दिली की झालं कल्याण. सेटिंग बदलता येत नसेल तर कंट्रोलरही नवा घ्यावा लागेल, ते नाही सांगत तुम्ही. खप माहीत नसताना बॅटरी बदलणं म्हणजे फुटक्या माठाला मोठी घागर. आधी गळती बघू द्या. ॲसिडचं मात्र बरोबर आहे. बॅटरी ट्रेमध्ये ठेवून पट्ट्याने आवळा, नवापूरकर.

तापीना_पोऱ्या
आपला खान्देशमां ऊन फुकट शे, आनि भाऊ अंधारामां बसेल शे 😄

केळी_रावेर
ऊन जास्त म्हणजे वीज जास्त, असं नसतं. पॅनल तापलं की उलट कमी देतं. मेमध्ये हात लावून बघा, पोळतो. माझ्या मळ्यात दुपारी दोनला मिळत नाही तेवढं हिवाळ्यात अकरालाच मिळतं.

वायरमन_शहादा
हे खरं आहे. पॅनलचं तापमान २५ च्या वर गेलं की दर अंशाला साधारण ०.४ टक्का घट. ६५ ला पोचलं की १५ टक्के गेलेच. त्यामुळे दिवसाला पूर्ण जोराचे चारच तास धरा, १६५ गुणिले चार म्हणजे ६६०, आणि बॅटरीत जाऊन परत येईपर्यंत त्यातलेही थोडे जातात. पॅनलवर जाळी वाळत घालत नाही ना? एका कोपऱ्यावर सावली पडली तरी जोर बराच उतरतो.

बॅकवॉटर_नवापूर
जाळी कधी कधी असते. आता काढली.
आणि हो, टीव्ही आहे छोटा. पोरं मॅच बघतात, तीनेक तास. ४० वॅट लिहिलंय मागे. पिंजऱ्यांवर मारायला १०० वॅटचा हॅलोजन फोकस आहे, तासातून पाचेक मिनिटं. तळातलं पाणी उपसायचा पंप आपोआप चालतो, तो बॅटरीवर डायरेक्ट.
क्लॅम्प मीटर (वायरला चिमट्यासारखा लावून करंट मोजायचा) आणला शेजारच्या बोटवाल्याकडून. बॅटरीच्या वायरला लावला तर शून्य दाखवतो. फॅन फिरतोय आणि शून्य! मीटर बाद आहे का?

वायरमन_शहादा
मीटर चांगला असेल, पण तो फक्त एसी (घरच्या लाईनची वीज) मोजणारा असावा. बॅटरीच्या वायरमध्ये डीसी असते, तिला डीसी मोजणारा क्लॅम्प लागतो. तो मिळाला की आधी सगळं बंद करा, फॅन, बल्ब, टीव्ही, सगळं. फक्त इन्व्हर्टर चालू ठेवा आणि आकडा सांगा. सोलरची वायर काढून मोजा, नाहीतर येणारी वीज मध्ये मिसळेल.
इन्व्हर्टर दिवसा बंद करता ना?

पंगस_साक्री
भाऊ पंगस टाकला का तिलापिया? दर काय मिळतोय सध्या?

बॅकवॉटर_नवापूर
इन्व्हर्टर कशाला बंद करू? मोबाईल चार्जिंगला लागतो.
डीसीवाला मीटर मिळाला. सगळं बंद, नुसता इन्व्हर्टर : १.६ अँपिअर. म्हणजे काय?

वायरमन_शहादा
१२ व्होल्टने गुणा, म्हणजे काही न करता जवळपास २० वॅट. चोवीस तासांचे ४८०. तुमच्या फॅनपेक्षा जास्त खातोय तो! टीव्हीचे १२०, फोकसचे ८५ धरले तर एकूण साडेबाराशेच्या वर, आणि पॅनल देतंय ६६०. दोन बॅटऱ्या लावल्या तरी दोन्ही उपाशीच राहतील.
१२ व्होल्टचा डीसी फॅन घ्या, २५ वॅटवाला. बल्ब आणि फोकस १२ व्होल्टचे एलईडी. मोबाईलला गाडीचा चार्जर सरळ बॅटरीवर, मध्ये फ्यूज टाकून. इन्व्हर्टर फक्त मॅचपुरता. साडेपाचशे-सहाशेवर येईल. तेही काठावरच आहे, म्हणून पावसाळ्याआधी तसंच दुसरं पॅनल. बॅटरी आत्ता नको.

लिथियम_धुळे
पुढे बदलालच, तेव्हा माझं ऐका.

बॅकवॉटर_नवापूर
काल मॅच संपल्यावर इन्व्हर्टर बंद केला, बिनपंख्याचे झोपलो. मच्छरांनी फोडून काढलं, पण सकाळी सहाला बॅटरी १२.४ व्होल्ट होती. डीसी फॅन नंदुरबारला मिळेल का सुरतेहून मागवू?
पंगस भाऊ, तिलापिया आहे. दराचं वेगळा धागा काढा.