साडेतीन वर्षांची बॅटरी: बदलू की अजून ढकलू?

घणसोली_लोकल
125 सीसी दुचाकी, बीएस6, किक नाही. वापर घर ते घणसोली स्टेशन, जेमतेम दोन किलोमीटर. दिवसभर गाडी पार्किंगमध्ये उन्हात. हल्ली सकाळी सेल मारला की घर्र घर्र करून दमते, हॉर्नचा आवाजही बसलाय. बॅटरी कंपनीतून आलेलीच. मेकॅनिक म्हणतो चार्ज करून देतो, दुकानदार म्हणतो नवीनच टाका. दोघांचंही पोट त्यावर, म्हणून इथे विचारतोय.

ठाणे_पूर्व
साडेतीन वर्षं म्हणजे पैसे वसूल. बदला आणि मोकळे व्हा.

कळवा_गॅरेज
वर्षं मोजून बॅटरी बदलायची नसते हो. ठाणे-बेलापूर रोडने रोज तुर्भ्यापर्यंत जाणाऱ्या गाड्यांची बॅटरी माझ्याकडे चार-पाच वर्षं जाते. स्टेशनच्या गाड्या तिसऱ्या वर्षीच रडायला लागतात. सेल मारताना जे खर्च होतं ते दोन किलोमीटरमध्ये भरून येत नाही. बॅटरी कायम अर्धपोटी. तशीच राहिली की आतल्या शिशाच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं, मग चार्जरलाही दाद देत नाही. वर उन्हाने झीज वाढते ती वेगळीच.

आधी टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पूड साफ करा, नट आवळा. निम्म्या गाड्या तिथेच सुटतात. मग मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावा. सकाळी चावी न फिरवता 12.6 व्होल्टच्या वर हवं. सेल मारताना आकडा 10 च्या खाली जाता कामा नये. गाडी चालू करून थोडी रेस द्या, साडेतेरा ते साडेचौदा यायला पाहिजे. ते येत नसेल तर दोष स्टेटरचा (इंजिनातून वीज बनवणारी कॉइल) किंवा आरआर युनिटचा (ती वीज बॅटरीजोगी करणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर), मग नवी बॅटरीही डाऊन होईल.

घणसोली_लोकल
दादा, सकाळी 12.2, सेल मारताना 8.9, रेसवर 14.1. टर्मिनल स्वच्छ.

कळवा_गॅरेज
चार्जिंग ठीक आहे, म्हणजे आरआरवर कोणी पैसे काढू पाहिले तर देऊ नका. बॅटरी एकदा रात्रभर हळू चार्ज करून घ्या. 5 एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) असेल तर अर्ध्या अँपिअरवर, झटपट चार्ज नको. काढून काही तास ठेवा, मग बघा. पूर्ण भरूनही सेलला 10 च्या खाली कोसळली तर बदलाच. किक नसलेल्या इंजेक्शनच्या गाडीला धक्क्याचाही भरवसा नाही, टाकीतून पेट्रोल पाठवणाऱ्या पंपाला आणि ईसीयूला (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) करंट बॅटरीचाच लागतो.

नवी घेताना एएच तेवढाच घ्या, बनवल्याची तारीख बघा, दुकानात वर्षभर पडून राहिलेली नको. वॉरंटी कार्डावर शिक्का मारून घ्या. जुनी परत दिली की पैसे कमी होतात, तेवढं विचारा.

ठाणे_पूर्व
आणि रविवारी पाम बीचला एक फेरी मारून या, बॅटरीच्या नावाखाली.