मदत हवी आहे: गाडी फ्रंट व्हील, रिअर व्हील की फोरबायफोर? टोइंगवाला थांबलाय

कराड_नाका
गाडी कराडला बंद पडलीय, पुण्याला न्यायचीय. टोइंगवाला विचारतोय फ्रंट व्हील का रिअर व्हील (इंजिनची ताकद पुढच्या चाकांना की मागच्या), आणि फोरबायफोर (चारही चाकांना) असेल तर त्याची क्रेन चालणार नाही, फ्लॅटबेड (अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रक) मागवावी लागेल, पैसे जवळपास दुप्पट. गाडी सेकंडहँड आहे. विकणाऱ्याने फोरबायफोर म्हणून विकली, आता फोन उचलत नाही. आत मोडचा गोल नॉब आहे. खाली वाकून पाहिलं, मागच्या दोन्ही चाकांना जोडणारा जाड दांडा दिसतोय आणि पुढून मागे एक लांब पाइपही गेलाय. म्हणजे फोरबायफोरच ना? पटकन सांगा.

स्टेपनी
गाडी कोणती?

ऑइलफिल्टर
गाडी कोणती, कुठल्या सालची, मॅन्युअल की ऑटोमॅटिक? आणि बंद पडली म्हणजे नक्की काय झालं? सेल्फ मारतोय का?

निवांत
घाटात पावसाळ्यात फोरबायफोरपेक्षा टायर जास्त महत्त्वाचे. खाचेत जो छोटा उंचवटा असतो तो १.६ मिमीवर असतो, पण तिथपर्यंत वाट बघू नका. ३ मिमीला टायर बदलून टाका, पाणी कापायची ताकद त्याआधीच कमी झालेली असते.

कराड_नाका
टायर नवीन आहेत, प्रश्न तो नाहीये. एसयूव्ही आहे, डिझेल. फोरबायफोर आहे की नाही एवढंच सांगा.

स्टेपनी
अहो, डिझेल एसयूव्ही म्हणजे बोलेरोपासून फॉर्च्युनरपर्यंत काहीही. नाव लिहायला काय जातंय?

आडवा_पिस्टन
बॉनेट उघडा. इंजिन आडवं बसवलंय, म्हणजे बेल्टची बाजू फेंडरकडे आहे, तर फ्रंट व्हील. उभं बसवलंय, बेल्ट रेडिएटरकडे, तर रिअर व्हील. दोन मिनिटांचं काम.

तेलकट_हात
@आडवा_पिस्टन, अर्धंच बरोबर आहे. पुढे आडवं इंजिन म्हणजे पुढची चाकं फिरवली जातात, इतकंच कळतं. मागची पण फिरतात का, ते नाही कळत. डस्टर एडब्ल्यूडी (म्हणजे चारही चाकं चालणारी), कंपास फोरबायफोर, एक्सयूव्ही ७०० एडब्ल्यूडी, तिन्हींची इंजिनं आडवीच. यांना नेमकं तेच विचारायचंय.

@कराड_नाका, गाडीखाली झोपायची गरज नाही, मोबाइलवर दोन फोटो काढा.

पहिला फोटो: स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा. टायरच्या मागच्या फटीतून मोबाइल आत घाला, फ्लॅश चालू ठेवून हबच्या (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) आतल्या बाजूचा फोटो घ्या. हबमधून आत जाणारा शाफ्ट आणि त्यावर घड्यांचं काळं रबरी बूट दिसलं तर पुढची चाकं चालवली जातात. नुसते सस्पेन्शनचे भाग (नकल आणि लोअर आर्म) दिसले, मधे शाफ्ट नाही, तर नाही.

दुसरा फोटो: मागच्या बंपरच्या मधोमध मोबाइल खाली धरा, कॅमेरा पुढच्या दिशेने. दोन चाकांच्या बरोबर मधे डिफरन्शियलचं (दोन्ही चाकांना ताकद वाटणारे गिअर) हाउसिंग दिसतंय का बघा. बोलेरो, स्कॉर्पिओला ते भोपळ्यासारखं फुगलेलं असतं आणि एक्सलच्या नळ्यांना जोडलेलं असतं. इंडिपेंडंट सस्पेन्शनवाल्या एडब्ल्यूडीत ते लहान असतं, बॉडीखाली बोल्ट केलेलं, आणि त्यातून दोन्हीकडे बारीक शाफ्ट निघतात, त्यांनाही रबरी बूट. मधे काहीच नसेल तर मागची चाकं नुसती ओढली जातात.

तुम्ही जो जाड दांडा म्हणताय तो सस्पेन्शनचा बीम असायची शक्यता जास्त. बीम सरळ पत्र्याचा, मधे फुगवटा नाही, आतून काही फिरत नाही. बऱ्याच फ्रंट व्हील गाड्यांना मागे असा बीम असतो, लोक त्याला एक्सल समजतात. लांब पाइप हा सायलेन्सरचा. ओळखायचं कसं: सायलेन्सर वळणं घेत जातो, मधे डबा असतो, रबराच्या कड्यांवर लटकलेला असतो. प्रॉपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा) सरळसोट असतो, टोकाला क्रॉस जॉइंट, लांब गाडीत मधे एक सेंटर बेअरिंग, आणि तो जाऊन डिफरन्शियललाच मिळतो. पाइप जर मागच्या बंपरपर्यंत येत असेल तर तो सायलेन्सरच, विषय संपला.

घाटमाथा
फोटोबिटो कशाला? एक चाक जॅकवर घ्या, गाडी गिअरमध्ये, इंजिन बंद. चाक हाताने फिरलं तर ते चाक चालवलं जात नाही, अडलं तर जातं. पुढे एकदा, मागे एकदा. सगळ्यात खात्रीची पद्धत.

तेलकट_हात
खात्रीची अजिबात नाही, आणि रस्त्याच्या कडेला तर करूच नये.

एक, मागचं चाक तपासायला हँडब्रेक सोडावा लागतो. गाडी रिअर व्हील निघाली आणि तुम्ही एक मागचं चाक उचललंत, तर पी (ऑटोमॅटिकचं पार्क) किंवा गिअर गाडीला धरून ठेवत नाही. डिफरन्शियल साधं असेल तर हवेतलं चाक उलटं फिरतं आणि जमिनीवरचं पुढे सरकतं. गाडी जॅकवरून खाली. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी गुटके लावल्याशिवाय हा प्रयोग नाही.

दोन, आताच्या बहुतेक एडब्ल्यूडीत मागच्या चाकांकडे ताकद क्लच पॅकमधून (गरजेपुरता जोडला जाणारा क्लच) जाते आणि इंजिन बंद असताना तो क्लच सुटलेला असतो. मागचं चाक आरामात फिरेल आणि तुम्ही म्हणाल फ्रंट व्हील. पार्ट-टाइम फोरबायफोर टूएचमध्ये (फक्त मागच्या चाकांना ताकद) असेल तर उलटं होईल, पुढची चाकं मोकळी फिरतील आणि तुम्ही ती रिअर व्हील ठरवाल.

आणि एडब्ल्यूडीचं एक चाक वर असताना इंजिन चालू करून गिअर टाकायचं कोणी सुचवायच्या आत सांगतो, जमिनीवरची चाकं गाडीला जॅकवरून ढकलून देतात.

घाटमाथा
सपाट जागेवर गुटके लावून करा म्हणायचं होतं. आणि फिरवताना खाली प्रॉपेलर दिसला की क्लच पॅकवाल्या गाडीचं पण कळतं.

तेलकट_हात
प्रॉपेलर दिसलाच तर उत्तर मिळालं की. मग चाक कशाला फिरवायचं?

व्हीलकॅप
चाकाच्या मधली प्लास्टिकची टोपी काढा. मधे मोठा नट आणि शाफ्टचं आटे असलेलं टोक दिसलं तर ते चाक चालवलं जातं. पत्र्याची डस्ट कॅप असेल तर नाही.

ऑइलफिल्टर
पुढच्या चाकांना हे चालतं. मागे घोळ होतो. बोलेरो, स्कॉर्पिओच्या सॉलिड एक्सलला मधे नट नसतोच, एक्सलचा फ्लँज असतो, तरी चाक चालवलं जातं. आणि काही फ्रंट व्हील गाड्यांना मागच्या डस्ट कॅपखाली स्टब एक्सलचा नट सापडतो. तुमच्या नियमाने दोन्ही उलट्या ठरतील.

आरसी_बुक
एवढा खटाटोप कशाला? आरसीवर मॉडेलचं पूर्ण नाव व्हेरियंटसकट असतं. एमपरिवहनवर गाडी नंबर टाका. व्हेरियंट कळला की कंपनीच्या ब्रोशरमध्ये ड्राइव्ह लिहिलेलं असतंच. चासी नंबरवरून काढता येतं असं लोक सांगतात, पण १७ अक्षरांत ड्राइव्हसाठी सगळ्या कंपन्यांची एकच ठरलेली जागा नाही, तो नाद सोडा. डिकीवरच्या स्टिकरवर तर मुळीच जाऊ नका, फोरबायफोरचे बॅज ॲक्सेसरीच्या दुकानात कोणीही लावून देतो.

कराड_नाका
आरसीवर हॅरिअर एक्सझेडए लिहिलंय. नॉबवर नॉर्मल, रफ, वेट आहे.

स्टेपनी
हे पहिल्या ओळीत लिहिलं असतं तर!

तेलकट_हात
फ्रंट व्हील. हॅरिअर डिझेल २०१९ला आली तेव्हापासून फक्त फ्रंट व्हील आहे, डिझेलमध्ये फोरबायफोर कधी आलीच नाही. विकणारा थापा मारून गेला. नॉब ईएसपी (घसरण आवरणारी यंत्रणा) आणि थ्रॉटलचा प्रतिसाद बदलतो, मागच्या चाकांना ताकद पाठवत नाही. क्रेटा, सेल्टॉसलाही स्नो-मड-सँड मोड येतो, त्याही फ्रंट व्हीलच. मागचा दांडा म्हणजे ट्विस्ट बीम, आणि त्याच्याजवळ तिरकी बारीक पट्टी दिसत असेल तर तो पॅनहार्ड रॉड.

आडवा_पिस्टन
पण हॅरिअर तर लँड रोव्हरच्या प्लॅटफॉर्मवर आहे ना? त्या फोरबायफोरच असतात.

तेलकट_हात
हॅरिअरचा ओमेगाआर्क प्लॅटफॉर्म लँड रोव्हरच्या डी८वरून घेतलाय, हे खरं. पण प्लॅटफॉर्मला सोय असणं वेगळं आणि गाडीत ट्रान्सफर युनिट, प्रॉपेलर, मागचा डिफरन्शियल बसवलेला असणं वेगळं. डिझेल हॅरिअरला यातलं काही नाही.

विद्युतवेग
२०२५च्या हॅरिअर ईव्हीच्या क्यूडब्ल्यूडी व्हेरियंटमध्ये मात्र चारही चाकं चालवली जातात. पुढे एक मोटर, मागे एक. तिथे वरची प्रॉपेलरची पद्धत फेल, कारण मधे शाफ्टच नाही. आणि ईव्ही असेल तर विचारूच नका, सरळ फ्लॅटबेड. चाकं फिरली की मोटर फिरते आणि वीज तयार करायला लागते.

ऑइलफिल्टर
@कराड_नाका, एक्सझेडए म्हणजे ऑटोमॅटिक, हे महत्त्वाचं. क्रेनवाल्याला सांगा पुढची दोन्ही चाकं उचलायची, मागची रस्त्यावर. उलटं चालणार नाही. ऑटोमॅटिकचा ऑइल पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद आणि पुढची चाकं रस्त्यावर फिरत राहिली तर गिअरबॉक्स कोरडा फिरतो, पुण्यापर्यंत १६० किमीमध्ये जळून जाईल. "एनमध्ये टाकून ओढतो" म्हणाला तरी नको.

हँडब्रेक दांड्याचा आहे ना? पूर्ण खाली करा आणि मागची चाकं मोकळी फिरतात का ते दहा-वीस फूट ढकलून बघा, नाहीतर मागचे पॅड आणि डिस्क/ड्रम तापून जातील. बटणाचा असेल आणि बॅटरी डाउन असेल तर आधी जंप स्टार्ट लावून ब्रेक सोडवा.

आणि बंद का पडली ते अजून सांगितलं नाहीत.

कराड_नाका
दांड्याचा आहे. सेल्फ मारतोय पण स्टार्ट होत नाही. क्रेनवाला मागून उचलायलाच आला होता, थांबवलं. पुढून लावतोय आता.

ऑइलफिल्टर
सेल्फ फिरतोय आणि पकडत नाही म्हणजे आधी डिझेल पुरवठा बघायला सांगा. डिझेल फिल्टरमधलं पाणी काढून बघा, पाणी असेल तर टाकीपण तपासावी लागेल. नवीन फिल्टर बसवल्यावर हवा राहिली तरी हेच होतं. स्कॅनर लावल्याशिवाय इंजेक्टर उघडू देऊ नका.

सह्याद्री_थार
धागा हायजॅक करतोय. थार २०२२ची, मॅन्युअल, फोरबायफोरचा लीव्हर आहे. टो करायची वेळ आली तर?

तेलकट_हात
टूएच, फोरएच, एन, फोरएल असा लीव्हर असेल तर ती खरी फोरबायफोर. (२०२३पासूनची रिअर व्हील थार वेगळी, तिला हा लीव्हरच नाही.) शक्यतो फ्लॅटबेड. नाहीच मिळाली तर पुढची चाकं उचलून, ट्रान्सफर केस (पुढे-मागे ताकद वाटणारा गिअरबॉक्स, तोच लीव्हर) एनमध्ये, म्हणजे न्यूट्रलमध्ये, आणि अंतर लांब असेल तर मागचा प्रॉपेलर सोडवून बांधून ठेवायचा. डिफरन्शियलकडच्या फ्लँजचे बोल्ट काढायच्या आधी फ्लँज आणि शाफ्ट दोन्हींवर मार्करने एक रेघ ओढा. परत बसवताना ती रेघ जुळली नाही तर बॅलन्स बिघडतो आणि ८०च्या पुढे गाडी थरथरते.

निवांत
बर्फात चेन पण चालवल्या जाणाऱ्या चाकांनाच लावायच्या. हॅरिअर असेल तर पुढे.

स्टेपनी
कराडला बर्फ?