पाणथळ रानात गोडाऊन: परवानगीच्या फाईलला काय लावायचं?

हळदवाला: मंडळी, मिरज पश्चिम भागात आमचं २० गुंठं रान आहे, नदीपासनं किलोमीटरभर असंल, ऊस घेऊन घेऊन पार क्षारपड झालंय, उन्हाळ्यात पांढरी खार फुटते आणि पावसाळ्यात नुसतं पाणकणीस न् बगळे. तिथं हळदीचं गोडाऊन टाकायचंय. पाहणीत "पाणथळ" लिहून आलंय आणि आता एकजण म्हणतोय पाणथळला दिल्लीवरनं परवानगी लागते. खरं का ओ?

गटनंबर: दिल्लीबिल्ली काय नाही. घोळ शब्दाचा आहे. आपण पाण्यानं मेलेल्या रानाला पाणथळ म्हणतो, २०१७ च्या केंद्राच्या नियमातलं पाणथळ म्हणजे तळी, दलदल असलं, त्यातनं नदीचं पात्र न् सिंचनासाठी बांधलेले तलावसुद्धा वगळलेत. पण निवांत बसू नका, इस्रोच्या पाणथळ नकाशात पाणी साचलेल्या जमिनीचा वेगळा प्रकारच आहे आणि त्यातल्या सव्वादोन हेक्टरच्या वरच्या जागांना सुप्रीम कोर्टाचं संरक्षण आहे. तुमचं रान तसल्या मोठ्या पट्ट्यात येतंय का आधी बघा.

कृष्णाकाठ: ते बघाच, पण फाईल अडणार पूररेषेवर. निळी म्हणजे २५ वर्षांतनं एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतला. निळीच्या आत गोडाऊन विसरा, निळी-लालच्या मधी असंल तर जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा दीड फूट वर लागतं. सातबारा, मोजणीची 'क' प्रत (हद्दीचा नकाशा) आणि जलसंपदाचा पूररेषेचा दाखला हे तर हवंच, पण रानाची लेव्हल, म्हणजे उंची, नीट काढून घ्या. माझी फाईल दोनदा परत आली, का तर सर्व्हेअरनं आमच्या विहिरीचा कट्टा शून्य धरून सगळ्या लेव्हली टाकलेल्या, आता तपासणाऱ्याला आमच्या विहिरीचं काय राव! समुद्रसपाटीपासनंची लेव्हल मागतात. २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी ५७ फुटाच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५, तवा तुमच्या रानात किती होतं?

हळदवाला: मग आधी मुरूम टाकून भराव करून घेऊ का?

गटनंबर: अजिबात नको. पाणी जायचा चर बुजला की पाणी शेजाऱ्याच्या उसात, आणि पहिला अर्ज त्याचाच येतोय तुमच्या विरोधात. मातीची तपासणी मात्र करा, खारीत सल्फेट जास्त निघालं तर साध्या सिमेंटचा पाया खातंय.

हळदवाला: २०१९ ला मोटरीच्या खोलीचं पत्रं बुडालं होतं. सोमवारी लेव्हलवाल्याला बोलावतो, विहिरीकडं फिरकूच देत नाही त्याला.